शुगर तपासता, लघवी कोण तपासणार?



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे सभासद कल्याण निधीचा विषय आहे. डायलिसिसवर असलेल्या सभासदांना या निधीतून दरमहा मदत मिळावी, अशी लेखी मागणी तीन-चार गटांतून आली आहे. मागणी रास्त आहे, आमचा तिला विरोध नाही. परंतु सगळाच निधी या एका कामाला लावायचे ठरले तर ते बैल गेला आणि झोपा केला असे होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी या अंकातली आमची जागा यावेळी उसाऐवजी मूत्रपिंडाला देत आहोत.

काही सभासद म्हणतील, 'साखर ह्यांनीच करायची आणि साखरेच्या रोगावर ह्यांनीच शहाणपण शिकवायचं!' म्हणोत बापडे. शेतकी खात्याचा या आजाराशी संबंध येतो तो लागणीच्या नोंदीतून. आमचे कर्मचारी नोंदीला जातात तेव्हा 'औंदा लागण नाही, खोडवाच राखलाय, दादांचं दवाखान्याचं चाललंय' हे वाक्य पूर्वी क्वचित ऐकू यायचे, आता जवळजवळ प्रत्येक गावात ऐकू येते. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी जाणे, दर वेळी चारेक तास मशीनला जोडून घेणे, आणि परत येऊन अंथरूण धरणे. बरोबर घरातले एक माणूस मोडते ते वेगळेच. मग रात्रीच्या पाळीचे पाणी कुणी धरायचे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसची सोय आहे, केंद्र सरकारचा डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून चालू आहे. त्याने मशीनचा खर्च भागतो, मोडलेले दिवस भरून येत नाहीत.

आता मुद्द्याला हात घालू. मधुमेहात मूत्रपिंड कसे बिघडते, याबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे की 'शुगर वाढली, किडनी हळूहळू कमजोर होत गेली, आणि एक दिवस बंद पडली.' वाटते तसे ते होत नाही. बऱ्याच मधुमेही माणसांचे मूत्रपिंड सुरुवातीला कमजोर नसते, उलट गरजेपेक्षा जास्त जोमाने काम करत असते. नुकसान सुरू होते ते त्या जोमाच्या काळात, आणि त्या काळात रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो. सगळी गोम इथे आहे.

मूत्रपिंडे दोन, प्रत्येक मुठीएवढे, दोन्ही मिळून वजन पाव किलोच्या आसपास. पण हृदयातून मिनिटाला जे पाच लिटर रक्त बाहेर पडते, त्यातले एक लिटर किंवा थोडे अधिक रक्त ह्या दोघांनाच जाते. शरीराच्या अर्धा टक्का वजनाच्या अवयवाला पाचवा हिस्सा पाणी, असा हा मानकरी. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात त्यातून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते, म्हणजे आपले फवारणीचे २०० लिटरचे बॅरल जवळजवळ भरेल इतके. त्यातले दीड-दोन लिटर लघवी म्हणून जाते आणि बाकी सगळे परत रक्तात घेतले जाते.

या गाळणीची रचना पाणी धरणाऱ्या माणसाला चटकन कळेल अशी आहे. गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. शरीरात इतरत्र असा गुच्छ संपला की रक्त सरळ शिरेत जाते. इथे मात्र आत येणारी एक धमनी आहे, आणि बाहेर जाणारीही धमनीच आहे. दोन्ही आकसू शकतात, दोन्ही फैलावू शकतात. थोडक्यात वाफ्याला वरचे दार आहे आणि खालचेही आहे. वरचे दार जास्त उघडले किंवा खालचे आवळले, की वाफ्यात पाणी तुंबते आणि बांधावर दाब येतो. दोन्ही एकदम झाले तर काय होते, हे आम्ही सांगायला नको.

मधुमेहात नेमके दोन्ही होते. खालचे दार आवळण्याचे काम मुख्यतः अँजिओटेन्सिन नावाचे द्रव्य करते. वरचे दार उघडते त्यामागे अनेक कारणे आहेत, पण एक कारण मोठे गमतीचे आहे. गाळलेले पाणी पुढे एका लांब नळीतून जाते, ही त्याची चारी समजा. चारीच्या टेलला एक पाटकरी बसवलेला आहे. त्याचे काम एवढेच, की टेलपर्यंत मीठ किती पोचते ते बघायचे. मीठ कमी पोचले, तर 'हेडला पाणी कमी सुटतंय, दार उघडा' असा निरोप तो वर धाडतो. निरोगी माणसात हा कारभार उत्तम चालतो. मधुमेहात मात्र गाळलेल्या पाण्यात साखर मोप येते. ती वाया जाऊ नये म्हणून चारीच्या सुरुवातीलाच ती उचलून रक्तात परत टाकणारे पंप जोरात चालू होतात, आणि हे पंप साखरेबरोबर मीठही उचलतात. टेलला मीठ पोचत नाही. पाटकरी बिचारा प्रामाणिक, त्याला मधल्या मोटारी दिसत नाहीत. तो आपला निरोप धाडत राहतो आणि हेडचे दार आणखी उघडत जाते. आपल्या चाऱ्यांवर मधेच टाकलेल्या मोटारी आणि टेलच्या शेतकऱ्याची ओरड आम्ही रोज ऐकतो. पाटकऱ्याची काही चूक नसताना कालवा कसा बिघडतो, हे त्यामुळे आम्हाला वेगळे शिकावे लागले नाही.

असे वर्षानुवर्षे चालले, की गाळणीच्या भिंती जाड होतात, तिच्यातल्या पेशी झडतात, आणि रक्तात राहायला हवे ते अल्ब्युमिन नावाचे प्रथिन थोडे थोडे लघवीत झिरपू लागते. बांध फुटण्याआधी ओल पाझरते, तसाच हा पाझर समजावा. पुढे काही गाळण्या वठून जातात. त्यांचे काम उरलेल्या गाळण्यांवर पडते, म्हणून त्यांच्यावरचा दाब आणखी वाढतो, आणि त्याही वठतात. अमेरिकेतील डॉ. ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हे चक्र मांडले. डेन्मार्कच्या डॉ. मोगेन्सेन यांनी १९८३ साली मधुमेही मूत्रपिंडाच्या बिघाडाचे पाच टप्पे सांगितले, त्यातला पहिलाच टप्पा जास्तीच्या गाळपाचा होता. आपल्याला जास्तीचे गाळप म्हणजे आनंदाची बातमी वाटते, इथे ती नाही.

रक्तातली साखर तर सगळ्या शरीराला लागते, मग दाबालाच एवढे महत्त्व का, असे कुणी विचारील. त्याला उत्तर म्हणून १९७३ साली वैद्यकीय मासिकात आलेली एका रुग्णाची नोंद सांगण्यासारखी आहे. मधुमेही रुग्ण. त्याच्या एका मूत्रपिंडाकडे जाणारी मोठी धमनी आधीच अरुंद झालेली होती, दुसऱ्याची मोकळी होती. तपासणीत काय दिसले? मोकळ्या धमनीच्या मूत्रपिंडात मधुमेहाच्या गाठींचे नुकसान होते, आणि ज्याचे पाणी तोडलेले होते त्या मूत्रपिंडात तसल्या गाठी नव्हत्या. रक्त तेच, साखर तीच, वय तेच, माणूस तोच. एकाच रानाचे दोन तुकडे, बेणे आणि खत एकच, फरक फक्त पाण्याचा. इतका स्वच्छ प्लॉट आम्हाला प्रात्यक्षिकालाही कधी मिळाला नाही. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही हे खरे, आणि धमनी अरुंद होणे हा स्वतंत्र आजार आहे हेही खरे. पण पुढच्या पन्नास वर्षांतल्या औषधांनी हीच दिशा पक्की केली.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. कालव्याखालच्या जमिनींचे पुढे काय झाले, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पहिली काही वर्षे पीक असे आले की बघणाऱ्याने बघत राहावे. भरपूर पाणी, भरपूर ऊस. मग हळूहळू पाणथळ, खारवट, चोपण. त्या पहिल्या वर्षांत कुणी म्हणाले असते की जमीन बिघडते आहे, तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते, कारण ऊस तर डोळ्यासमोर डुलत होता. जास्त गाळणाऱ्या मूत्रपिंडाचे तेच आहे. रक्तातले क्रिएटिनिन तपासा, रिपोर्ट झकास येतो. गाळणीचे निम्म्याच्या आसपास काम गेले तरीही क्रिएटिनिन नॉर्मलच्या मर्यादेत दिसू शकते. पायाला सूज, लघवीला न मोडणारा फेस, धाप, अन्नावरची वासना उडणे, ही सगळी उशिराची लक्षणे. तोवर चोपण झालेले असते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की दरवर्षीच्या आरोग्य शिबिरात बोटातून रक्त काढून शुगर बघणे आणि दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघणे एवढ्यावर थांबू नये. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढणारी एक तपासणी आहे, प्रयोगशाळेत तिला एसीआर म्हणतात. तीस मिलिग्रॅमच्या आत आकडा असला तर ठीक. तीस ते तीनशे म्हणजे पाझर सुरू झाला. तीनशेच्या वर म्हणजे भगदाड. एकदा जास्त आला म्हणून हाय खाऊ नये. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीचे फार कष्ट, बायकांची पाळी, यानेही आकडा चढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा जास्त आला तरच तो खरा धरतात. ज्यांना उतारवयात मधुमेह जडतो त्यांनी ही तपासणी निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी करायची. लहानपणीच इन्सुलिनवर गेलेल्यांनी पाच वर्षांनंतर दरवर्षी. सोबत क्रिएटिनिनही हवेच, कारण काही जणांत पाझर न होताच मूत्रपिंड खालावते. माती परीक्षण न करता खत टाकू नका, हे सांगून आमचा घसा बसला. हे परीक्षण तर त्याहून सोपे, सकाळच्या पहिल्या लघवीची एक छोटी बाटली.

'तपासून तरी काय करणार, आजार तर जाणार नाही,' हा दुसरा आक्षेप. पूर्वी त्यात तथ्य होते, आता राहिलेले नाही. खालचे आवळलेले दार सैल करणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांचा उगम ऐका. ब्राझीलमध्ये हराराका नावाचा विषारी साप आहे, आपल्या घोणस-फुरशाच्या कुळातला. त्याच्या विषातल्या रक्तदाब उतरवणाऱ्या घटकाचा अभ्यास होऊन कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले आणि १९८१ साली अमेरिकेत बाजारात आले. १९९३ साली ४०९ मधुमेही रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंडरोपण यांचा धोका निम्मा झालेला दिसला. एनालाप्रिल, रामीप्रिल, आणि थोड्या वेगळ्या वाटेने तेच काम करणाऱ्या लोसार्टन, टेल्मिसार्टन या गोळ्या आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. आपल्यातले कित्येक जण त्या 'बीपीची गोळी' म्हणून घेत असतील, ती मूत्रपिंडाचीही राखण करते हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

वरच्या दाराचे औषध सफरचंदाच्या झाडातून निघाले. सफरचंदाच्या मुळाच्या सालीतला फ्लोरिझिन हा पदार्थ युरोपात १८३५ साली वेगळा काढला गेला. तो दिला की लघवीतून साखर जाते, हे जर्मन डॉक्टर फॉन मेरिंग यांनी १८८६ साली दाखवले. शंभर वर्षांहून जास्त काळ ती नुसती मौज राहिली. त्याच धर्तीवर पुढे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी औषधे झाली. ही औषधे चारीवरच्या मधल्या मोटारी बंद करतात. मीठ टेलला पोचते, पाटकऱ्याचा निरोप थांबतो, हेडचे दार जागेवर येते. २०१९ साली याच जातीच्या कॅनाग्लिफ्लोझिनचा ४,४०१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते रुग्ण खालच्या दाराच्या गोळ्या आधीपासूनच घेत होते. तरीही मूत्रपिंड निकामी होणे, क्रिएटिनिन दुप्पट होणे किंवा मूत्रपिंड-हृदयविकाराने मृत्यू येणे यांचा एकत्रित धोका आणखी सुमारे ३० टक्क्यांनी उतरला. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ साली संपले, त्यामुळे अनेक कंपन्या ती बनवू लागल्या आणि किमती उतरल्या. या गोळीवर असताना लघवीत साखर येणारच, ती गोळीनेच बाहेर काढलेली असते. अंगाची स्वच्छता तेवढी नीट ठेवावी, नाहीतर जननेंद्रियाजवळ बुरशीची खाज होते.

एक गोष्ट मात्र इथे ठासून सांगायची आहे. या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. दाब उतरला, गाळप थोडे घटले, म्हणून आकडा चढला, एवढाच त्याचा अर्थ. घरचे लोक रिपोर्ट बघून घाबरतात, 'गोळीने किडनी खराब केली' म्हणतात, आणि गोळी बंद करून मोकळे होतात. सुमारे तीस टक्क्यांपर्यंतची ही वाढ डॉक्टर चालवून घेतात, त्यापुढे गेली तर कारण शोधतात. त्यासाठीच गोळी सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला बोलावतात. बोलावले की जावे. जास्त पाण्याची सवय लागलेल्या उसाला पाण्याची पाळी लांबवली की चार दिवस पान सुकते, म्हणून कुणी परत पाट फोडत नाही. गरोदर बायांना खालच्या दाराच्या गोळ्या चालत नाहीत, हेही ध्यानात असावे.

याच्या उलट, जी गोळी बिनदिक्कत घेतली जाते ती मूत्रपिंडाची वैरीण. कंबर धरली, गुडघा दुखला, की किराणा दुकानातून किंवा मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही मंडळी वरचे दार एकदम आवळतात. खालचे दार औषधाने सैल, वरचे दुखण्याच्या गोळीने बंद, त्यात लघवीची गोळी चालू आणि उन्हात अंगातले पाणी आटलेले, असा योग जुळला की दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड बसू शकते. जुलाब-उलट्या लागून खाणेपिणे सुटले तर नेहमीच्या गोळ्यांपैकीही काही तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे.

ओघात तोडणी मजुरांचेही बोलून घेतो. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वाडोर भागात मधुमेह नसलेल्या तरण्या ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होतात. त्यामागे कडक उन्हातले कष्ट आणि अंगातले पाणी आटणे हे मोठे कारण मानले जाते. तिकडच्या कारखान्यांवर पाणी, सावली आणि मधली विश्रांती यांची व्यवस्था सुरू झाली. आपल्या फडात पिण्याच्या पाण्याचा ड्रम भरून ठेवणे ही शेतमालकाची जबाबदारी, मुकादमाची नव्हे, असे आम्ही समजतो.

खाण्यापिण्यावर डॉक्टर सांगतात ते आम्ही पुन्हा सांगत बसत नाही. फक्त गुळाबद्दल. 'साखर बंद केली, गुळाचा चहा घेतो,' असे सांगणारे सभासद गटोगटी आहेत. गुऱ्हाळात काय उकळते आणि कारखान्यात काय उकळते हे ज्यांना रोज दिसते, त्यांनी तरी हे बोलू नये. गुळातही बहुतांश उसाचीच साखर असते. आणि मीठ, लोणचे, पापड याला हात आखडता घ्यावा, कारण ब्लडप्रेशर १३०/८० च्या आत ठेवायचे तर नुसत्या गोळीवर भागत नाही.

राहिला निधी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, म्हणजे मोठ्या माणसांत शंभरी अकरा. आपल्या सभासद यादीला हे प्रमाण लावून बघा. त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला पुढे मूत्रपिंडाचा त्रास होतो. डायलिसिसवर गेलेल्या एका सभासदाला आपण वर्षभर जी मदत देऊ, तेवढ्यात कित्येक सभासदांच्या लघवीची तपासणी होईल, आणि पाझर सुरुवातीलाच सापडला तर त्यातले काही जण मशीनपर्यंत जाणारच नाहीत. आज जे मशीनवर आहेत त्यांना वाऱ्यावर सोडा असे आम्ही म्हणत नाही. निधीतला ठराविक भाग त्यांना, आणि ठराविक भाग तपासणीला, असे दोन खाते स्वतंत्र राखावेत. मधुमेह असलेल्या प्रत्येक सभासदाची आणि त्याच्या घरधनिणीची एसीआर आणि क्रिएटिनिन तपासणी वर्षातून एकदा, गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी, गटवार व्हावी. घरधनिणीचे नाव मुद्दाम घेतले आहे, कारण शिबिराला पुरुष येतात आणि बाया चुलीपाशी राहतात, हे दरवर्षी दिसते.

संचालक मंडळापुढे आम्ही टिपण ठेवले आहे. ज्या सभासदांना यात भर घालायची आहे, किंवा ज्यांचा विरोध आहे, त्यांनी आपली सूचना सही व सभासद क्रमांकासह सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत गट ऑफिसात द्यावी. तोंडी सांगितलेली सूचना टिपणात येणार नाही.

— ऊस विकास अधिकारी